निवृत्तीराव, मोठ्यानं वाचा

बुलढाणा, ता. ९ डिसेंबर १९३७

चि. गं. भा. गोजरबाईस भगवानचे आशीर्वाद. इकडे ठीक. थंडी पडली, त्यामुळे माझ्या औषधांच्या दुकानात खोकल्याची गिऱ्हाईकं वाढली.

औषध टोचायची पिचकारी साडेतीन रुपयांची होती. खरी किंमत अशी पडली: आधी उकंडरावांच्या उजव्या डोळ्याची नजर, मग वाचा, मग जीव. आणि आता तुझ्या सासूबाई म्हणतात, नवऱ्याला तूच काहीतरी चारलंस, पोरींसकट घर सोड.

तुला वाचता येत नाही. हे पत्र तुझे दीर ओसरीवर वाचतील, सासूबाई ऐकतील. म्हणूनच लिहितो. निवृत्तीराव, मोठ्यानं वाचा, मधलं गाळू नका.

मी बाटल्या धुता धुता दुकानदार झालो. दाराशी कोण कसं खोकलं त्यावरून औषध काढतो. गोऱ्या साहेबापुढंही माझी जीभ कधी अडली नाही, हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे.

मुतखड्याच्या कळेनं उकंडराव माझ्याकडे लोळत आले, तेव्हा मॉर्फियाची पहिली सुई मीच टोचली. डोणगावाहून खेपा नकोत म्हणून पिचकारीही मीच हाती दिली. पुढे मॉर्फिया बंद केला, पिचकारी परत मागितली नाही. मग ते ठेक्यावरची अफू लिंबाच्या रसात कालवून टोचू लागले.

आखाडात आमच्या मागच्या खोलीत ते तुझ्या वहिनीला म्हणाले, "वहिनी, कालचंच अर्धं लिंबू द्या. बुरा आला तरी चालते." मी गल्ल्यावर होतो. ऐकलं, समजलं, गिऱ्हाईकाला सुटे पैसे दिले.

नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढून भिंगाखाली पाहिलं. म्हणाले, "मेंदूत बुरशी आहे. सुईवाटे रक्तात गेली. यावर औषध नाही."

मी विचारलं, "लोणच्यावर येते ती?"

"तिच्याच भावकीतली."

गोजरच्या ताटात काही नव्हतं. तिला त्या पिचकारीचा पत्ताही नव्हता.

गोजर, इथली खोली झाडून ठेवली आहे. पण यायचं तर आळ पुसून घेऊन ये, मान खाली घालून नको.

एवढं आधी का नाही सांगितलं, असं निवृत्तीराव विचारतील. तेराव्याला पंगतीत तुझ्या सासूबाईंनी सगळ्यांदेखत मला विचारलं होतं, "तुमी होते ना त्याच्यासंगं नागपूरले? काय झालतं माह्या लेकाले?"

मी म्हणालो, "मले काय मालूम, मावशी."

आणि वरण मागून घेतलं.

तुझा थोरला भाऊ,
भगवान