बिनखरेदीचा नाताळ

रविवार, १ डिसेंबर

जमलं! ठराव पास. प्रवचन बत्तीस मिनिटं चाललं आणि शेवटच्या बाकावरचेसुद्धा जागे होते. ठराव असा: या नाताळात मंडळीतल्या कुणीही विकत आणलेली भेट द्यायची नाही. द्यायचीच तर हातानं केलेली द्यावी, नाहीतर आपला वेळ द्यावा. 'गोठ्यात जन्मलेल्या तारणाऱ्याचा वाढदिवस आपण पिशव्या भरून साजरा करतो' — हे वाक्य चांगलं झालं. माझंच आहे.

पहिला हात खेळणीकाकांनी वर केला. चर्चच्या फाटकासमोर ज्यांचं खेळण्यांचं दुकान, ज्यांचं सगळं वर्ष डिसेंबरवर चालतं, त्यांनी! आमच्या पंचांमधले सगळ्यात जुने. मग बाकीच्यांना हात खाली ठेवणं अवघडच गेलं. मला अगदी भरून आलं.

आमची ही मात्र घरी येताना म्हणाली, "आणि त्यांनी वर्षभर काय खायचं?" देव बघून घेईल म्हटलं. ही काही बोलली नाही. लग्नाला पंधरा वर्षं झाली, हिचं न बोलणं मला चांगलं ऐकू येतं.

गुरुवार, ५ डिसेंबर

ठरावाचं पहिलं फळ. मंडळीचे चिटणीस सहकुटुंब आले आणि अडीच तास बसले. उठताना म्हणाले, "पाळकसाहेब, ही आमची नाताळची भेट. वेळ!" आभार मानले.

शनिवार, ७ डिसेंबर

आज तीन कुटुंबं वेळ देऊन गेली. उद्याचं प्रवचन अजून कोरं आहे.

सोमवार, ९ डिसेंबर

हातानं विणलेला गळपट्टा आला. सहा हात लांब. दरवर्षी या सुमाराला सुक्या मेव्याचा डबा येतो — म्हणजे यायचा. त्याची आठवण काढणं बरं नाही. काढली.

बुधवार, ११ डिसेंबर

खेळणीकाकांच्या दुकानात शुकशुकाट. माझ्या खिडकीतून सगळं दिसतं. दिवसभरात एक गिऱ्हाईक नाही! मंडळी शब्दाला जागली. धन्य वाटलं.

शनिवार, १४ डिसेंबर

इस्पितळात एका आजारी आजींसाठी प्रार्थना करून परत येत होतो. बस गावाबाहेरच्या त्या पाच मजली दुकानाशी थांबते. आत स्वच्छतागृह आहे, एवढ्याच कारणानं शिरलो. ते दुसऱ्या मजल्यावर. आणि दुसऱ्या मजल्यावर निम्मी मंडळी!

गायनमंडळाच्या बाई मला बघून बॅगांच्या मागे वाकल्या. बॅगा लहान होत्या, बाई नाहीत. चिटणीस समोरच आले — ढकलगाडीत तीनचाकी सायकल. "पाळकसाहेब, तुम्ही इथं कसे?" उलट मलाच! मी म्हटलं, पोट बिघडलंय.

मग त्यांना बाजूला घेतलं. म्हणाले, "आता पोरांपुढं काय ठराव वाचून दाखवायचा? घेणं भागच आहे हो. पण खेळणीकाकांकडे कुठल्या तोंडानं जायचं? पहिला हात त्यांचा! आणि दुकान तुमच्या खिडकीसमोर. इथं कसं, कुणी कुणाचं नाही."

म्हणजे बत्तीस मिनिटं बोलून मी फक्त एक दुकान बंद पाडलं. आणि ते खिडकीतून बघून धन्य होत बसलो होतो. लाज वाटली. उद्या सगळ्यांसमोर बोलणार. नावं घेणार नाही, पण बोलणार.

रविवार, १५ डिसेंबर

बोललो नाही.

सकाळी ही माझ्या झग्याला इस्त्री करत होती. म्हटलं, आज एकेकाला सरळ करतो. ही म्हणाली, "करा. पण आधी कपाटाची वरची फळी बघा." बघितली. एक बाहुली, एक निळा स्वेटर. दोन्ही त्याच पाच मजल्यांतले. "लेक आठ वर्षांची आहे आपली. तुमच्या वेळानं ती खूश होईल असं वाटतं तुम्हाला?" स्वेटर माझा, हेही इस्त्री न थांबवता सांगितलं.

परत कर म्हणालो नाही. निळा रंग मला आवडतो.

आयत्या वेळी सहनशीलतेवर प्रवचन दिलं. खेळणीकाका पहिल्या बाकावर मान डोलावत होते. बाकी सगळे बुटांकडे बघत होते.

बुधवार, १८ डिसेंबर

दुकानात गेलो. काका आगगाडीच्या डब्यांवरची धूळ पुसत होते. तोंडभर हसले. "पाळकसाहेब, चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. मंडळीतलं एक माणूस फिरकलं नाही! मी घरी बायकोला म्हटलं, बघ, लोक वाईट नसतात, सांगणारा हवा."

धंद्याचं विचारलं. भाडं थकलंय, जागेचा मालक महिनाअखेर जागा सोडा म्हणतोय. हे ते अगदी सहज बोलले, जसं काही दुसऱ्याच्याच घरी आजारपण आहे. म्हटलं, निदान मला ही आगगाडी द्या. त्यांनी डबा माझ्या हातातून हळूच काढून घेतला. "तुम्हीच घेतलीत तर लोकांनी कुणाकडे बघायचं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर होते. पण ते इतके आनंदात होते! — नाही, हे कारण नाही. सांगितलं असतं तर स्वेटरचंही सांगावं लागलं असतं. मूग गिळून बाहेर पडलो.

रविवार, २२ डिसेंबर

आजही नाही. तीन ओळी लिहून नेल्या होत्या — 'खरेदी करायचीच असेल तर आपल्या भावाकडून करा.' वाचताना गाळल्या. मी भित्रा आहे. इथं लिहायला सोपं जातं.

बुधवार, २५ डिसेंबर

नाताळ. पहाटे पडदे ओढून भेटी उघडल्या. पाळकाच्या घरात! लेक बाहुलीला घेऊन नाचली. स्वेटर पोटाशी आवळतो. झग्याच्या आत घालून गेलो, श्वास पुरेना, गीतं अर्धी सोडली.

चर्चमध्ये सगळे नवेकोरे. जो तो आपणहून सांगत होता, "जुनाच आहे, धुऊन घातलाय."

उपासनेनंतर खेळणीकाका अंगणात पेटी उघडून बसले. पोरांची मोडकी खेळणी दुरुस्त करायला — त्यांची भेट, वेळाची. पण पोरं काही आणीनात. घरी सगळ्यांकडे नवी होती. तासभर बसले. शेवटी मी माझं मनगटी घड्याळ नेऊन दिलं. म्हणाले, "हे तर चालू आहे." हो म्हटलं. तरी त्यांनी ते उघडून, पुसून दिलं.

मंगळवार, ३१ डिसेंबर

दुकानाची पाटी उतरवली. मी शिडी धरली. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. म्हटलं ते एवढंच — "जपून उतरा."

शुक्रवार, ३ जानेवारी

स्वेटर बदलून घ्यायला पाच मजल्यांत गेलो. बदलीच्या खिडकीपुढे रांग. माझ्या मागे चिटणीस, त्यांच्यामागे गायनमंडळाच्या बाई. कुणी कुणाला ओळख दिली नाही.

खिडकीत खेळणीकाका. दुकानाचा लाल सदरा, कॉलरची घडीसुद्धा मोडलेली नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग रांगेकडे. शेवटच्या माणसापर्यंत, सावकाश.

"पावती आणलीय का, पाळकसाहेब?"

आणली होती. त्यांनी तारीख वाचली. २ डिसेंबर.

एक माप मोठा आणून दिला. म्हणाले, "इथंच घालून बघा."

घातला. बरोबर बसला.