खळ्यावरचा वारा

माय, आठ दिवसांपासून माझ्या दारात एक जुनी व्हॅन उभी आहे आणि अर्धी गल्ली ती बघून गेली. तुझ्या नातीने घेतली आहे. आत फळ्यांचा पलंग, छोटी शेगडी, पाण्याची टाकी, आणि खिडक्यांना मी शिवलेले पडदे, कारण रागात असले की मला मशीनवर बसल्याशिवाय चैन पडत नाही. समोरच्या काकू आत डोकावून म्हणाल्या, "वडापावची गाडी लावून राह्यली का पोरगी?" मी म्हटलं, तसं असतं तर पेढे वाटले असते. ती या गाडीतून समुद्राच्या कडेकडेने निघणार आहे, मालवणपासून खाली गोकर्णापर्यंत आणि तिथून पार रामेश्वरला. रामेश्वर ऐकून तिच्या आत्याने हात जोडले. ही यात्रा नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

रामेश्वरला वारा चांगला असतो म्हणे. खोलीएवढा पतंग दोऱ्यांनी कमरेला बांधायचा, पायाखाली फळी घ्यायची आणि वारा ओढेल तसं पाण्यावरून पळायचं. याला खेळ म्हणतात. पुण्यात नोकरी करता करता गोव्याला जाऊन दोन वर्षं शिकली आणि मला महिन्यापूर्वी सांगितलं. मी तर अजून समुद्रही पाहिलेला नाही. विहिरीत डोकावताना कठडा घट्ट धरणारी बाई मी. खरं सांगते, भीतीने मला महिनाभर धड झोप नव्हती. शनिवारी तिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तेव्हा माझं 'नाही' तयारच होतं. तिलाही ते कळलं असावं. म्हणाली, "आई, तू न्हाई म्हणलीस तर मी जाणार न्हाई. पण आधी पूर्ण बघून तर घे."

मग एकेक किनारा दाखवत गेली. गाडी कुठे लावायची, गोडं पाणी कुठे मिळतं, दवाखाना किती लांब. प्रत्येक नावापुढे पेनाने एक बाण काढलेला, आणि एका नावावर काट. ते नाव मला पाठ होतं, कारण महिनाभर फोनवर तिने त्याच किनाऱ्याचं कौतुक ऐकवलं होतं. हे का खोडलं, मी विचारलं.

"या दिवसांत तिथं वारा जमिनीकडून समुद्रात जातो. तो आत नेतो, परत आणत न्हाई."

"अन् दुसऱ्या एखाद्या ठिकाणी वारा तसाच निघाला, मंग?"

"पाण्यात जायच्या आधी मी मूठभर वाळू सोडून बघते ना, आई. वाळू पाण्याकडं उडाली की पतंग पिशवीतनं काढतच न्हाई. चहा करते अन् बसते."

माय, तिने तुला कधी पाहिलेलं नाही. मला मात्र तू समोर दिसलीस. भोकरदनच्या अलीकडचं आपलं शेत, ज्वारीचं खळं, उफणायला तू उंच तिपाईवर उभी. टोपलं उचलण्याआधी मूठभर भुसा हवेत सोडतेस आणि तो कुठे जातो ते बघतेस. वारा पडला की गुपचूप खाली उतरतेस. "त्याच्याशी भांडून काय करतीस, बस की जरा." मी सतरा वर्षांची, पायाला भिंगरी, दुपारच्या गाडीने मैत्रिणीकडे जायचंय. तू पाणी आणायला विहिरीवर जातेस आणि मी तिपाईवर चढून ज्वारी ओतत सुटते. तू येईपर्यंत सगळा भुसा तू स्वच्छ केलेल्या राशीवर बसलेला असतो.

"हे काय करून ठिवलं गं?"

"वारा फिरला, माय. एकदम फिरला."

तू बांधावरच्या बाभळीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. "फिरला आसंल," म्हणालीस आणि पदर खोचून पुन्हा वर चढलीस. दिवस मावळेपर्यंत ती सगळी रास तू परत उफणलीस. रात्री दादांनाही तेच सांगितलंस, वारा फिरला, पोरीची काय चूक. त्यानंतर तू पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस, आणि मीही नाही.

शनिवारी मी पोरीला 'जा' म्हटलं. महिनाभराने इतकं हलकं वाटलं की उठून कांदाभजी तळली, आणि मालवणपर्यंत मीही येते असं बोलून बसले. आता मागे फिरता येणार नाही. या पत्राला पत्ता नाही, तेव्हा गाडीतल्या मसाल्याच्या डब्यांखाली कागद लागतोच आहे, तिथे अंथरून टाकेन. तिने कधी डबे उचलून वाचलं तर वाचू दे. त्या दिवशी वारा फिरला नव्हता, माय. मी बघितलंच नव्हतं.