तीन भोकांची पट्टी

बाबा, परवा चिखलदऱ्याला एका माणसाने तुमची आठवण करून दिली, आणि ती काही गोड आठवण नव्हती. कॉलेजच्या मुलींना घेऊन मी कॅम्पला गेले होते. संध्याकाळ होत होती, वाऱ्याने कान बधिर झाले होते आणि अजून ताडपत्री ताणायची होती. मी पिशवीतून अॅल्युमिनियमच्या पट्ट्या काढल्या. बोटभर लांब, तीन भोकांच्या. त्यांतून दोर आधीच ओवलेला असतो. नुसता ओढायचा, की पट्टी तिरपी होते आणि त्याला धरून बसते. गाठ नाही, हातमोजे काढायला नकोत. मुलींनी बघता बघता छत उभं केलं. तर अमरावतीहून आलेले ट्रेकिंगवाले सर, गळ्यात शिट्टी अडकवून, हसून म्हणतात, "मॅडम, हा तं पोरखेळ झाला. गाठ आली पाह्यजे मानसाले, गाठ!" मग आपल्या ताडपत्रीशी ते अर्धा तास झोंबले. बोटांवर फुंकर मारून, दातांनी दोर ओढून. एका मुलीला दया आली. "सर, पट्टी देऊ का?" नको, म्हणाले. नकोच असते ह्या जातीला. मी चहाचा कप घेऊन मुद्दाम समोर उभी राहिले आणि शेवटपर्यंत पाहिलं.

तुम्ही ह्याच जातीचे. वरूडच्या संत्रा मंडीत ट्रकवर ताडपत्री बांधावी तर तुम्हीच, असं सगळे म्हणायचे आणि तुम्ही ते ऐकून दोन बोटं उंच व्हायचात. काय ती ऐट! गाठ मारताना चक्क पाठ फिरवायचात, जसं काही मंत्र देणं चाललंय. मी एकदा म्हटलं, मला शिकवा. "पोरीच्या जातीले दोर कायले पाह्यजे? जाय, चहा आन." बरोबर कामाला असलेल्यांनाही तुम्ही कधी दाखवली नाहीत. एवढं जपून काय मिळवलंत, ते मला आजही कळलेलं नाही.

मग तो हिवाळा आला. तुमच्या बोटांची पेरं सुजली होती. सकाळी शर्टाची बटणं आई लावते, आणि आम्ही सगळे भिंतीकडे बघतो. कोणी काही बोलायचं नाही, कारण तुमची बोटं आखडली आहेत हे घरात कोणालाच माहीत नाही, असं तुम्ही ठरवलेलं. मी तेव्हा नुकतीच शिकवायला लागले होते. कॉलेजात असताना एका कॅम्पात तंबूच्या दोरीला अशी लाकडी पट्टी पाहिली होती. मंडीजवळच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडाच्या चार करून घेतल्या, दोर ओवून तुमच्यासमोर चुलीपाशी ठेवल्या. म्हटलं, बाबा, थंडीचं हे बरं, बोटं वाकवा लागत नाहीत. तुम्ही एक उचललीत, उलटीपालटी केलीत आणि राखेत फेकलीत. "थोट्याचं सामान हाये हे. माह्या हातातली गाठ मेली नाई अजून." आई म्हणाली, "अवो, पोरीनं एवढं करून आनलं नं!" तुम्ही ताटावरून उठून गेलात. मी राखेतून पट्टी काढली, पुसली आणि चारही माझ्या पिशवीत टाकल्या.

आठ दिवसांनी डबा द्यायला मंडीत आले, तेव्हा लांबच्या गावाला निघालेला ट्रक भरून उभा होता. दवाने दोर ओले होते. तुम्ही चारही कोपरे बांधून चहाला गेला होतात. मी हात लावून पाहिला. सगळ्या गाठी मऊ, बोटाने ढकलल्या तर सरकत होत्या. मागच्या डाव्या कोपऱ्याची गाठ सोडून मी तिथे पट्टी लावली, घट्ट ओढली, ती दिसू नये म्हणून उरलेला दोर वरून गुंडाळून टाकला आणि बस पकडायला निघून गेले.

वाटेत वादळवाऱ्यासह अवकाळी पाऊस झाला. ताडपत्री उडाली, संत्री भिजली, पोचेपर्यंत निम्मी सडली. ड्रायव्हर परत आला तो भर मंडीत म्हणाला, "काका, तीन कोपरे सुटले. पन मांगचा एक काही सुटला नाई, अंधारात दोर कापा लागला." त्याच दिवशी आडत्याने तुमचं काम बंद केलं. आणि तुम्ही? पुढची अकरा वर्षं, मरेपर्यंत, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलात, "एवढ्या वाऱ्यात बी एक गाठ नाई सुटली! माही गाठ होती ते." मी आतून ऐकायची आणि मनात म्हणायची, बसा कुरवाळत.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून आता लिहून टाकते. तो कोपरा तुमचा नव्हता, माझा होता. एवढंच असतं तर मी तुम्हाला केव्हाच तोंडावर ऐकवलं असतं. पण तुमचा चहा लांबला होता, बाबा. माझ्याकडे वेळ होता, आणि उरलेल्या तीन पट्ट्या पिशवीतच होत्या. मी त्या काढल्या नाहीत. मला तुमच्या गाठी सुटायला हव्या होत्या.