खापराचा स्टँड

३ एप्रिल, गुरुवार

आणि वर मलाच म्हणते, आई, तुला कळत नाही! काय कळत नाही? उभ्याने पुरणाचे मांडे करता यावेत म्हणून मातीचं खापर ठेवायला लोखंडी स्टँड करायचा. एवढंच. जमिनीवर बसून बसून गुडघे गेले माझे. रोशनी आयटीआयला ड्राफ्ट्समन शिकली, म्हटलं काढ चित्र. तर हे असलं! समोरचा चौकोन सरळ. बाजूच्या रेघा वर तिरक्या पळालेल्या, वारा लागल्यासारख्या. रुंदी दोन फूट लिहिलीय, खोलीही दोन फूट. रुंदीची रेघ वीतभर, खोलीची अर्धीच वीत. मी टेप लावून पाहिला.

"आत जाणारी रेघ तिरकी काढायची, आणि अर्धी. आकडा खरा धरायचा."

अर्धी काढायची अन् खरी धरायची! हे शिकायला दोन वर्षं?

५ एप्रिल

चित्र निंबा वेल्डरकडे दिलं. म्हणे, "अक्का, आठे तं दोन फूट लिखेल शे." म्हटलं, तू रेघ बघ. आकडा कोणीही खरडतो. रुंदी दोन, खोली एक. तसाच कर.

रोशनीला सांगितलं नाही. कशाला?

९ एप्रिल, बुधवार

स्टँड आला. खापर पालथं ठेवलं — अर्धं मागे बाहेर! डुगडुगायला लागलं. मी धरलं म्हणून वाचलं, नाहीतर आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर नवं खापर कुठून आणलं असतं? जुन्याला तूप-तेल मुरलेलं असतं, नव्यावर मांडा चिकटतो.

रोशनी आली. स्टँडला टेप लावला. माझ्याकडे बघितलं. हसली असती तर बरं झालं असतं.

स्टँड परत नेला तर निंब्याची जीभ सुटली. "मी सांगेल नव्हतं का, अक्का? आते कोनं आयकू? तुम्हनं का रोशनीनं?"

रोशनीचं, म्हटलं. दुकानातले सगळे दात काढून हसले. हसा!

१० एप्रिल

तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा समोर ठेवला. "आई, एक डोळा मिट. समोरची बाजू पूर्ण दिसते ना? आणि बाजूची?" दिसते, पण आखडलेली. "म्हणून अर्धी. पूर्ण काढलीस तर डोळ्याला खोटं वाटतं."

ती बाहेर गेल्यावर मीच पेन्सिल घेतली. आधी चौकोन. मग तीन कोपऱ्यांवरून तिरक्या रेघा, सारख्या लांबीच्या. मग त्यांची टोकं जोडली. पहिल्यांदा रेघा पूर्ण काढल्या — डबा कसला, ट्रंक झाली! मग अर्ध्या काढल्या. कागदातून डबा वर आला! झाकण उघडून बिस्किट घ्यावं असा.

कागद फाडून टाकला. तिला दिसला असता तर आठवडाभर चिडवलं असतं.

१२ एप्रिल

ऊन मरणाचं. आखाजीच्या मांड्यांच्या ऑर्डरी सुरू झाल्या. कोणी असोद्याहून फोन करतं, कोणी इथलंच पिंप्राळ्याचं. सगळ्यांना आदल्या दिवशीच हवेत.

१४ एप्रिल, सोमवार

आता चित्र वाचता येतं तर पुन्हा बघत बसले. समोरची बाजू कुठली घ्यायची, विचारलं होतं मी. "जिथे माणूस उभा राहतो ती." बरं. डाव्या हाताला बाहेर जोडलेली फळी, भरलेल्या गोळ्यांची परात ठेवायला. मधे खापर. उजव्या हाताला तशीच जाळी, भाजलेला मांडा टाकायला. गॅसची चावीही समोरच. मागे भिंत.

आजवर रोशनी पुरण भरून गोळा देते, मी तो हातावर फिरवून मोठा करते अन् खापरावर टाकते, भाजला की ती उचलून घडी घालते. घरात आम्ही दोघीच, कामालाही दोघी.

चित्रात दुसरीला जागाच नाही. राहिली असेल काढायची.

१६ एप्रिल, बुधवार

नवा स्टँड आला. खापर बसलं, हललं नाही. रोशनी म्हणाली, "करून बघ." गोळे मात्र तिने मलाच भरायला लावले. स्वतः दारात उभी, हाताची घडी घालून. पहिला मांडा हातावरच फाटला, तरी पुढे आली नाही. दुसरा खापराला लागला, उचलायला कोणी नाही. "जाळी उजवीकडे आहे, आई." दिसतंय मला!

गॅस बंद केला. विचारलं, तू कुठे उभी राहायचीस इथे?

ती पुढे येऊन खापराला चिकटलेला मांडा सोडवू लागली.

"रोशनी!"

"धुळ्याला," म्हणाली. एमआयडीसीतली कंपनी. ड्रॉइंग काढायचं काम. आखाजीनंतर बोलावलंय, शनिवारपर्यंत कळवायचं. तिथेच खोली घेऊन राहावं लागेल.

"म्हणजे ठरवून मोकळी झालीस?"

"नाही. त्यांना अजून काही सांगितलं नाही. तुला एकटीला जमलं तर हो म्हणणार होते."

आणि नाही जमलं तर? फाटलेले मांडे आम्हीच खाल्ले, दुधात कुस्करून.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी पाणी भरताना सांगून टाकलं. माझे मांडे फाटतात का बघून तू काही ठरवायचं नाहीस. काल दोन्ही वाया गेले, उद्याही फाटतील, ते माझं मी बघेन. घरी बसलीस तर माझ्यामुळे, गेलीस तर लोखंडाच्या भरवशावर — असलं मला चालणार नाही! तुला जायचं आहे का? हो की नाही, तेवढंच सांग. शनिवारी दिवे लागायच्या आत.