वडिलांच्या थडग्यावरची टोपी

३ जिल्हेज, १२४१
हुकूम आला. सुलतानाने आपले जुने जानिसारी शिपाई गेल्या महिन्यात तोफांनी उडवले, आता त्यांच्या थडग्यांवर कोरलेल्या टोप्याही फोडायच्या. काम आमच्याच पाथरवटांकडे, आणि माझे वारलेले वडीलही जानिसारीच. माझ्या जोडीचा पाथरवट वेली सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझ्या बापाचं डोकं कोण उतरवणार रे, तू की मी?" सगळे हसले. मीही हसलो — तेच जास्त लागलंय.

४ जिल्हेज
दिवसभर उस्कुदारच्या कबरस्तानात. उंच टोपी, मागे लोंबती कापडी बाही, कपाळावर पलटणीच्या जेवणाचा चमचा खोवायची खोबण — दिसली की घाव. कारकुना-मौलवींच्या पगड्यांना हात लावायचा नाही. बेकीर मुकादम मागून ओरडतो, "जोरात मारा लेको, मेलेल्यांना दुखत नाही." वडिलांची रांग परवा.

६ जिल्हेज
सगळे जेवायला गेले तेव्हा वडिलांच्या दगडाशी बसलो. फोडली नाही. बाही छाटली, उंची उतरवली, खोबण तासून तिथे पगडीचे पेच कोरले. एकसारखे, नीट. पलटणीचं नाव खरवडलं. मुकादमाने पाहिलं, दाढी खाजवली, पुढे गेला. वाचले वडील!

७ जिल्हेज
आईला सांगितलं. वाटलं, तोंडावरून हात फिरवील. म्हणाली, "ती बाही पिराची. पहिल्या शिपायाच्या डोक्यावर पिराने हात ठेवला, त्याची बाही मागे लोंबली, तिथून आलेली. ती घालून तुझे वडील लढले, आणि तू त्यांना कारकून केलंस?"
"आई, दगड तरी शाबूत राहिला."
"दगडाला काय चाटू?"
जीव मी धोक्यात घातला, आणि हे ऐकायचं. म्हातारीला काय कळतं!

९ जिल्हेज
उद्या ईद. आज सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांना जातात. आई एकटीच गेली. मला म्हणाली, "तू नको येऊस."

१४ जिल्हेज
सणानंतर आज कामावर. वडिलांचा दगड मानेपासून तुटलेला. पगडीचे तुकडे गवतात. माझे पेच.
बेकीर मुकादमाने पाठ थोपटली. "शाबास. शेवटी स्वतःच्या हाताने उतरवलंस. आता तू आमचा." वेलीने आपल्या भाकरीतली अर्धी मोडून पुढे केली. मी घेतली.
घरी आलो. आईच्या उजव्या तळव्याला ती कबरस्तानातून आली त्या दिवसापासून फडकं बांधलेलं; मला वाटलं होतं, भाजलं असेल. पाच दिवसांनी ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली — "जेवून घे."