‘आमच्या घरच्यांनी’ काढलेले फोटो

नेर, रविवार

आदरणीय शीलाताई,

इंदूचा जय भीम. गुडघा काय म्हणतो? पाठवलेलं तेल लावता, की बाटली समोर ठेवून नुसतं तिच्याकडे बघता? (औषधाकडे बघून दुखणं गेलं असतं तर मी केव्हाच पैलवान झाले असते.) मी बरी आहे. जेवते, वाचते. दुपारी तुमच्या भावाची खुर्ची सोडून शेजारच्या खुर्चीवर बसते. बाकी ठीक.

तुमची उर्वशी सुट्टीला आली ती उपद्व्याप घेऊनच. विहारात तुमच्या भावाच्या फोटोंचं प्रदर्शन लागणार आहे. फोटो सगळे कॉम्प्युटरवर, म्हणून तिनं त्यात एक एआय मदतनीस बसवला. विचारलं की तो फोटो शोधतो. त्याच्या हाताशी अवजारं असतात, पण कोणतं अवजार कशासाठी आहे ते त्याला दिसत नाही. आपण लिहून दिलेलं वर्णन वाचून तो ठरवतो कोणतं उचलायचं. एक अवजार फाईल न उघडताच तिची माहिती सांगतं: नाव, आकार, तारखा, मालक. दुसरं फोटो उघडून बघतं. उर्वशी म्हणाली, मामी, फोटो तुला माहीत आहेत, वर्णन तू लिही.

आता वर्णनाचा मला एकच प्रकार येतो, मुलगी दाखवायचा. मी लिहिलं, ‘हे अवजार अतिशय गुणी असून हवी ती माहिती देते, कोणालाही नाही म्हणत नाही. फोटो सर्व आमच्या घरच्यांनी काढलेले आहेत.’ (नाव कसं लिहिणार? महिला मंडळात जुन्या रूढी सोडा म्हणून मीच भाषण ठोकते, पण यांचं नाव माझ्या तोंडून कधी निघालं नाही.)

विहार समितीच्या राजदीपला फोटोंखाली पाट्या लावायच्या होत्या. त्यानं मदतनिसाला विचारलं, कोणता फोटो कोणी, कधी काढला? मदतनिसानं गुणी अवजार उचललं. ‘आमच्या घरचे’ कोण ते त्याला कळेना, म्हणून त्यानं मालकाच्या रकान्यातलं नाव घेतलं. तिथे होता रोशन, मोबाईलच्या दुकानातला, ज्यानं फोटो या कॉम्प्युटरवर कॉपी करून दिले. तारखाही कॉपी केल्याच्याच. म्हणजे पाट्यांवर अख्ख्या नेरातली पंधरा वर्षांची लग्नं रोशननं गेल्या मे महिन्यात एका दुपारी उरकली! तोही नवा शर्ट घालून, सत्काराला किती वाजता येऊ, हे विचारून गेला.

शेजारचे जब्बारभाई पाटी वाचून तडक घरी आले. “भाभी, हा माह्या निकाहचा फोटो. गोविंदाभाऊनं काढला. रोशन तवा बिनचड्डीचा फिरे. त्याचं नाव काहून?”

मागून त्यांची बायको खैरुनबी. “नाव राहू द्या. गेल्या मे महिन्यात निकाह केला म्हणते हे पाटी. कोणाशी केला, ते सांगा पह्यले!”

मी हसले. मग लक्षात आलं. माणूस तर गेला. आता त्याचं कामही दुसऱ्याच्या नावावर चाललं होतं, आणि ते माझ्याच हातून.

घाबरून मी दुसरं वर्णन लिहिलं, ‘या अवजारावर भरवसा ठेवू नये.’ मदतनीस आज्ञाधारक. त्यानं ते सोडलंच, आणि एकेक फोटो उघडून अंदाजपंचे सांगू लागला. (माझ्या एका फोटोवरून म्हणाला, वय अंदाजे पासष्ट. तेव्हा मी चाळीसचीही नव्हते. दिवसभर कापूस वेचून आले होते, एवढंच.)

उर्वशी वैतागली. “मामी, लाडाचं नको लिहू अन् रागाचंही नको. ते काय करते, काय नाही करत, एवढंच सांग. अन् ‘आमच्या घरचे’ कोण, हे मशीन कोणाच्या घरी विचाराले जाईन?”

मग लिहिलं, ‘हे अवजार फाईल न उघडता तिची माहिती सांगते. फोटोत काय आहे ते याला कळत नाही. फोटो कधी काढला यासाठी कॅमेऱ्यानं नोंदवलेली तारीख घ्यावी, कॉपी केल्याची घेऊ नये. मालक म्हणजे कॉपी करणारा. कॅमेऱ्याची तारीख नसेल तर माहीत नाही म्हणावे.’ आणि शेवटच्या ओळीशी बराच वेळ अडून, ‘सर्व फोटो गोविंदा यांनी काढले आहेत.’ आभाळ काही कोसळलं नाही. (तसबिरीकडे मात्र संध्याकाळपर्यंत पाहिलं नाही.)

पाट्या नव्यानं छापल्या. रोशनचा शर्ट वाया जाऊ नये म्हणून त्याला पाहुण्यांना पाणी द्यायला उभं करणार आहोत.

तब्येतीला जपा.

तुमची
इंदू

ता. क. ती शेवटची ओळ टाईप उर्वशीनं केली. मी पाठ फिरवून नुसतं सांगितलं. जरा मोठ्यानंच सांगितलं असावं, कारण भिंतीपलीकडून जब्बारभाई ‘शाबास भाभी’ म्हणाले.

आणखी एक ता. क. पत्र खरं तर यासाठी. तुमच्या फुलसावंगीच्या त्या शेवटच्या लग्नाला तुमच्या भावानं आणलेला कॅमेरा तुमच्याकडेच राहिला. तीन वर्षं मी मागितला नाही, तुम्ही दिला नाही. दोघींचंही बरोबरच होतं. आता त्यातलं कार्ड उर्वशी तुमच्याकडून परत येताना तिच्या हाती द्याल का? तुम्हाला सगळं व्हॉट्सअपवर ढकलायची सवय. तसं करू नका, तिथून आलेल्या फोटोतली कॅमेऱ्याची तारीख गळून जाते. शेवटचा फोटो कोणत्या दिवशी काढला ते मदतनीस सांगेल. पण तो फोटो त्यानं उघडून पाहू नये, असं दुसऱ्या अवजाराच्या वर्णनात लिहून ठेवलंय. तो मी उघडीन.