शेवटच्या अक्षराचा हेल

४ ऑक्टो., शुक्रवार. माहूज, बहरीन.
रेवाच्या पहिल्या व्हिडिओची तयारी. नात बारावीत, आणि पुढे अमेरिकेत संगीत नाटक शिकायचं म्हणते. मी ‘संगीत नाटक’ म्हटलं की चिडते. “आबा, म्युझिकल थिएटर. डोन्ट मेक इट ओल्ड.” कॉलेजं आधी व्हिडिओ मागवतात, आवडला तर पुढे बोलावतात. सकाळी म्हणाली, “आधी स्लेट करायचीय.” मी आपला बाब-अल-बहरीनमागची सगळी दुकानं पालथी घालून आलो. पाटी कुठेच नाही, पांढरा फळा मिळाला, तो घेतला. तर स्लेट म्हणजे गाण्याआधी कॅमेऱ्यात बघून आपलं नाव सांगणं! सूनबाई हसून हसून खाली बसली. रेवाही हसली. बऱ्याच दिवसांनी.

२५ ऑक्टो.
बुदैयाला, तिच्या गाण्याच्या बाईंकडे. मिस ग्रेस, फिलिपिनो, कडक. मी नेहमीप्रमाणे बाहेर खजुराखाली. आत एकच ओळ पुन्हा पुन्हा, बाई मध्येच पियानो थांबवतात. परतताना रेवा डोळे मिटून मागच्या सीटवर. सूनबाई गाडी चालवता चालवता हळूच म्हणाली, “बाई म्हणतात, ही दर ओळीचं शेवटचं अक्षर ओढते. स्वतःचं नावसुद्धा तसंच सांगते. अशानं पहिल्याच फेरीत काढतील. विचारत होत्या, कुठून शिकली?”
मी खिडकीबाहेर बघत बसलो. भाजीचे मळे, व्हिला, पुन्हा मळे.
कुठून म्हणजे काय. हेल तो. माझाच.

२६ ऑक्टो.
झोप नीट नाही. साताऱ्याकडची आमची शाळा डोळ्यांपुढून हलेना. वर्गाच्या दोन बाजू. खिडकीकडच्यांनी कवितेची एक ओळ म्हणायची, दाराकडच्यांनी पुढची. शेवटचं अक्षर लांबवायचं ते पलीकडच्यांना ओळ उचलता यावी म्हणून. गुरुजी ओरडायचे, “ओळ टाकू नका रे, हातात द्या!” पत्रे तापलेले, घामाने सदरे भिजलेले, आणि चाळीस पोरं एका चालीत डुलतायत...
रेवाला याच बाल्कनीत भरवलं मी. माझी एक ओळ, एक घास, मग तिची ओळ. तेव्हा ही होती. आतून म्हणायची, “अहो, पोरीला गिळू द्या आधी!”

१७ नोव्हें.
घरात माझं कविता म्हणणं बंद. दाढी करतानासुद्धा नाही. आमचा मंदार ऑफिसला निघताना थबकला. “अण्णा, बरं नाही का? आज रेडिओ बंद?” म्हटलं, घसा.

८ डिसें.
नकार यायला लागले. व्हिडिओवरच. एकाच आठवड्यात इतके की रेवा आता मेल उघडून सांगतही नाही, फोन टेबलावर उपडा ठेवते, की समजायचं. मंदार जेवताना म्हणाला, “जून उजाडला की पुणे. आत्याकडे राहायचं, बी.कॉम. करायचं. खलास.”
“आय नो, डॅड.”
एवढंच. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१७ जाने.
एका ठिकाणी पुढे बोलावलं! ऑनलाइन. आवाज नको म्हणून टीव्ही बंद, मिक्सर बंद, मी स्वयंपाकघरात स्टुलावर. दाराआडून ऐकलं. हेल नाही. कुठेही नाही. ओळी कात्रीने कापल्यासारख्या संपत होत्या. सुरेल, स्वच्छ. दुसऱ्याच कुणाची मुलगी गातेय असं वाटलं.
कसा घालवला असेल तिने? आणि किती दिवस घालवत बसली असेल, दार लावून?

६ फेब्रु.
तिथूनही नाही. मिस ग्रेस फोनवर हळहळल्या. “टू क्लीन नाऊ, अंकल.” आधी ओढते म्हणून, आता ओढत नाही म्हणून. सूनबाई देवापाशी बसून होती. मी चहा केला. कुणी प्यायलं नाही.

४ मार्च.
रमजान. शाळा लवकर सुटते. घरात दुपारी नुसती शांतता. एकच कॉलेज उरलंय, तिथे आणखी एक व्हिडिओ चालतो म्हणे, मनाला येईल तो. मंदार म्हणाला, “आता कशाला? तिकीट काढलंय मी.”
ती माझ्या खोलीत आली.
“आबा, ती भरवतानाची कविता. टीच मी अगेन.”
“विसरलो गं.”
“लायर.” मग मराठीत, सावकाश, “हेल काढून.”
हा शब्द तिला येतो हे मला माहीत नव्हतं.

७ मार्च, शुक्रवार.
आज व्हिडिओ केला. कॅमेऱ्यामागे तिने खुर्ची ठेवली. “इथे बस. आणि पुढची ओळ घ्यायची नाही हं. काही झालं तरी.”
नाव सांगितलं. आडनावाचं शेवटचं अक्षर लांबवून, अगदी शाळेतल्यासारखं. मग पहिली ओळ. हेल निघाला, लांब गेला, थांबला. ती कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. पुढची ओळ माझ्या दातांपर्यंत आली. ओठ घट्ट मिटून बसलो. किती वेळ ती गप्प उभी! मग बाजूला एक पाऊल सरकली आणि पलीकडची ओळ स्वतःच घेतली. पुन्हा अलीकडे. पुन्हा पलीकडे. शेवटपर्यंत, एकटी.
मंदार दारात उभा होता.
“पाठवला?”
“येस.”
“जेवायला चला,” म्हणाला, आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

काही होईल असं वाटत नाही. उगाच कशाला आशा धरू. कुणीतरी तिथे तो व्हिडिओ लावेल, ती थांबेल तिथे त्याला वाटेल, मुलगी विसरली. ही ओळ आपण उचलायची असते, हे त्याला कोण सांगणार?